ब्लॅकहेड घासून का जात नाही, आणि मग जातो कशाने?

पार्लरमध्ये क्लीनअपला बसलं की पाचव्या मिनिटाला एक वाक्य ठरलेलं असतं: "ताई, पोअर्समध्ये घाण किती साचलीये बघा!" मग टिश्यू पेपरवर काढून ठेवलेले पिवळट-काळे दाणे पुराव्यादाखल दाखवले जातात. बोलणारीचा हात हलका असतो, मनात काही वाईट नसतं, पण निदान चुकलेलं असतं. ते काळं म्हणजे मळ नाही. मळ असता तर साबणाने निघाला असता. एवढं एक ध्यानात आलं की निम्मे घरगुती उपाय आपोआप बाद होतात, कारण ते सगळे मळ काढण्याचे उपाय आहेत.

आधी आत काय चालतं ते पाहू. चेहऱ्यावरचं प्रत्येक रोमछिद्र म्हणजे केसाच्या मुळापर्यंत गेलेली एक बारीक नळी. नाकावर आणि कपाळावर तो केस इतका बारीक असतो की दिसतही नाही, पण त्याला लागून असलेली तेलग्रंथी मात्र चांगली मोठी असते. ती जे तेल सोडते त्याला सीबम म्हणतात. हे तेल नळीतून वर येतं आणि त्वचेवर पसरतं. नळीला आतून त्वचेचंच अस्तर असतं, आणि त्वचा म्हटली की जुन्या पेशी झडणं आलंच. एरवी या पेशी सुट्या होऊन तेलाबरोबर बाहेर पडतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. काहींच्या नळीत मात्र त्या गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि एकमेकींना चिकटून बसतात. तेल आणि पेशी मिळून बूच तयार होतं. या पहिल्या अवस्थेला डॉक्टर मायक्रोकॉमेडोन म्हणतात. ती आरशात दिसत नाही. बूच वाढून डोळ्यांना दिसायला लागेपर्यंत कित्येक आठवडे गेलेले असतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे औषधांच्या वेळी लागणार आहे.

आता दोन शक्यता. नळीचं तोंड बंद राहिलं तर त्वचेखाली बारीक, पांढुरका उंचवटा दिसतो, तो व्हाइटहेड. तोंड उघडं राहिलं तर बुचाच्या वरच्या टोकाला हवा लागते. तिथलं तेल आणि पेशींमधलं मेलॅनिन, म्हणजे आपल्या केसांना आणि कातडीला रंग देणारं द्रव्य, यांचं ऑक्सिडेशन होतं आणि टोक काळं पडतं. चिरलेलं वांगं पाण्याबाहेर राहिलं की काळं पडतं, त्यातलाच प्रकार. खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी टिश्यूवरचा तो दाणा नीट बघा. काळा असतो तो फक्त वरचा टिंबाएवढा भाग. खालचा सगळा पिवळट-पांढरा आणि मऊ असतो. बाहेरची धूळ आत शिरून बसली असती तर असं झालं नसतं.

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण सगळ्यात जास्त पैसे त्याच्यापायी जातात. नाकावर जे सारखे, एका अंतरावर, करडे ठिपके दिसतात ते बहुतेकांच्या बाबतीत ब्लॅकहेड नसतातच. त्यांना सीबेशियस फिलामेंट म्हणतात. तेल नळीतून वर यावं म्हणून तेल आणि पेशींचा एक बारीक धागा तिथे असतोच. तो सगळ्यांना असतो. ज्यांच्या नाकाला तेल जास्त सुटतं त्यांचा ठळक दिसतो, एवढंच. नाकावर चिकटवायची पट्टी ओढून काढल्यावर तिच्यावर जे बारीक करडे काटे उभे राहिलेले दिसतात, ते बहुतेक हेच धागे. ओढून काढले की साधारण महिन्याभरात नळी पुन्हा भरते, कारण ती भरलेली असणं हीच तिची रोजची स्थिती आहे. पट्टीवाल्या कंपन्यांना यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार?

फरक ओळखायचा कसा? फिलामेंट सपाट असतात, करडे किंवा त्वचेच्याच रंगाचे असतात आणि सगळ्या नाकभर सारखे पसरलेले असतात. ब्लॅकहेड एकेकटा उठून दिसतो. तो जास्त काळा, थोडा मोठा असतो आणि बोटाला किंचित खडबडीत लागतो. नाकाखेरीज हनुवटी, कपाळ, पाठ, अगदी कानाच्या पाळीच्या वरच्या खोबणीतही तो सापडतो. तुमच्याकडे फक्त फिलामेंट असतील तर खरं सांगायचं तर तुम्हाला काहीच झालेलं नाही. दहापट मोठं दाखवणारा आरसा घरातून काढून टाकला तरी पुष्कळ फरक पडेल.

"वाफेने पोअर्स उघडतात आणि बर्फाने बंद होतात" हेही असंच. रोमछिद्राला उघडझाप करणारा स्नायू नसतो. वाफेने आतलं तेल थोडं मऊ होतं इतकंच, आणि फार जवळून घेतली तर चेहरा भाजतो. छिद्र किती मोठं दिसणार हे घराण्यावर, तेलावर, वयावर आणि आयुष्यभर खाल्लेल्या उन्हावर ठरतं. बूच निघालं की ताणलेलं छिद्र थोडं लहान दिसतं. ते कायमचं बंद करणारी क्रीम कुणी विकत असेल तर तिच्यावर पैसे घालवू नका.

हे एकाला होतं आणि सख्ख्या भावाला होत नाही, असं का? मुख्य कारण हार्मोन. वयात येताना मुलगा असो की मुलगी, अ‍ॅन्ड्रोजेन, म्हणजे पुरुषी म्हटले जाणारे हार्मोन, वाढतात आणि तेलग्रंथी जोरात कामाला लागतात. म्हणून सातवी-आठवीत नाकावर, कपाळावर ठिपके यायला लागतात. मुलगी तोंड धूत नाही असा त्याचा अर्थ काढून तिला टोमणे मारू नयेत. पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा हार्मोनचा विकार, असलेल्या बायकांनाही याच कारणाने त्रास होतो. गोड, मैद्याचे पदार्थ आणि दूध यांचा मुरमांशी काही अभ्यासांत संबंध दिसला आहे, पण नुसतं पथ्य पाळून ब्लॅकहेड गेले असं सहसा होत नाही.

बाहेरून लावलेल्या तेलाबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 'पोमेड अ‍ॅक्ने' नावाचा प्रकार नोंदवला. केसांना पोमेड, म्हणजे केस बसवायचं तेलकट मलम, चोपडणाऱ्यांच्या कपाळावर आणि कानशिलांवर बारीक बंद पुटकुळ्यांची दाटी दिसत होती. हे वाचताना आपल्या घरातली रविवारची चंपी डोळ्यांसमोर येत नसेल तर नवल. खोबरेल तेल थापून, घट्ट वेणी घालून मुलगी रात्रभर झोपते. सकाळपर्यंत तेल कपाळावर आणि उशीच्या अभ्र्यावर उतरतं, अभ्र्यावरून गालाला लागतं. मुंबई-कोकणातल्या घामट हवेत तर ते दिवसाही ओघळत राहतं. तेल सोडा असं कुणी म्हणत नाही. आंघोळीआधी तास-दोन तास लावा, केसांच्या रेषेपासून थोडं मागेच थांबवा, आणि अभ्रा बदला. कपाळावरच्या बारीक पुटकुळ्यांचं कारण तेलच असेल तर दोन-तीन महिन्यांत फरक कळतो. गॅरेजमध्ये किंवा लेथवर काम करणाऱ्यांच्या हातांवर आणि मांड्यांवर काळे ठिपके येतात तेही तेलामुळेच. तिथे वंगणात भिजलेली पँट रोज बदलणं हा पहिला उपाय.

कॉस्मेटिक्सचं काय? १९७२ मध्ये क्लिगमन आणि मिल्स या अमेरिकी डॉक्टरांनी सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरमांना 'अ‍ॅक्ने कॉस्मेटिका' असं नाव दिलं. कोणता पदार्थ छिद्रं बुजवतो हे तपासायला त्या काळी सशाच्या कानावर तो लावून पाहत. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फारच लवकर बुजतो, त्यामुळे कोणता पदार्थ छिद्रं किती बुजवतो याचे शून्य ते पाच गुण देणाऱ्या, त्या चाचण्यांवरून बनलेल्या यादीला वेदवाक्य मानू नका. 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रं न बुजवणारं, या शब्दामागेही कायद्याने ठरवून दिलेली एकच एक चाचणी नाही. लेबलवर तो शब्द असला तर बरंच, पण खरी परीक्षा तुमच्या कपाळावर महिनाभर होते.

आता स्वच्छता. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, आणि घाम आला असेल तर आणखी एकदा साधं पाणी, एवढं पुरे. आपल्या त्वचेचा पीएच पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. आंघोळीच्या साध्या साबणाचा नऊ-दहाच्या घरात जातो. साबणाने धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा होतो त्याला लोक 'स्वच्छ वाटतंय' म्हणतात, पण ती कोरडेपणाची तक्रार असते. लिंबाचा पीएच दोनच्या जवळपास. तो चेहऱ्यावर चोळून उन्हात गेलात तर डाग आणि फोडही येऊ शकतात. खाण्याचा सोडा उलट्या टोकाचा. टूथपेस्ट दातांसाठी असते. अक्रोडाच्या सालीचा स्क्रब त्वचेवर ओरखडे काढतो आणि बूच जिथल्या तिथे राहतं, कारण ते नळीच्या आत आहे आणि दाणे बाहेर फिरताहेत. डाळीचं पीठ आणि मुलतानी माती यांच्याशी माझं वैर नाही. माती वरचं तेल चांगलं शोषते, आठवड्यातून एकदा लावायला हरकत नाही, फक्त ती वाळून तडे जाईपर्यंत थांबू नका आणि काढताना घासू नका. पण बूच विरघळवण्याचं काम तिच्याकडून होणार नाही.

ते काम सुरू होतं सॅलिसिलिक अ‍ॅसिडपासून. अ‍ॅसिड म्हटल्यावर दचकायचं कारण नाही. याचा गुण असा की ते तेलात मिसळतं. ग्लायकोलिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळणारं, त्याचं काम मुख्यतः वरच्या थरावर. सॅलिसिलिक तेलाने भरलेल्या नळीत शिरू शकतं आणि एकमेकींना चिकटलेल्या पेशींची पकड ढिली करतं. दुकानात ते अर्धा ते दोन टक्के या प्रमाणात मिळतं. फेसवॉशमधलं अर्ध्या मिनिटात गटारात जातं, म्हणून लावून ठेवायचं जेल किंवा सीरम जास्त उपयोगी. सुरुवात एक दिवसाआड रात्री करा, वर साधं जेलसारखं मॉइश्चरायझर लावा. तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतं, विशेषतः ही औषधं चालू असताना. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर सॅलिसिलिकच्या वाटेला जाऊ नका.

पण ज्यांना ब्लॅकहेड पुन्हा पुन्हा होतात त्यांच्यासाठी मुख्य औषध वेगळं आहे. ते म्हणजे रेटिनॉइड, अ जीवनसत्त्वाचे भाऊबंद. १९६९ मध्ये क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रेटिनॉइन मुरमांवर लावून मिळालेले निकाल प्रसिद्ध केले आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. (याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले होते. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया शहराने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. औषध चांगलं आहे, इतिहास तितका चांगला नाही.) १९९६ मध्ये त्वचेला तुलनेने कमी झोंबणारं अ‍ॅडापॅलीन आलं. अमेरिकेत २०१६ पासून ०.१ टक्के अ‍ॅडापॅलीन चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध आहे, आणि तसंच घ्यावं.

रेटिनॉइड तयार झालेलं बूच सैल करतंच, पण त्याचं खरं काम त्याआधीचं आहे. नळीच्या अस्तरातल्या पेशी शिस्तीत तयार व्हाव्यात आणि सुट्या होऊन झडाव्यात, म्हणजे नवं बूच बनूच नये, हे ते बघतं. म्हणूनच त्याचा हिशोब आठवड्यांत करावा लागतो. आज लावायला सुरुवात केली तेव्हा महिन्याभराने दिसणारे ब्लॅकहेड आत आधीच तयार होत असतात. ते वर येणारच. दोन-तीन आठवड्यांनी चेहरा आधीपेक्षा वाईट दिसला म्हणून ट्यूब फेकून देणारे पुष्कळ जण असतात. आठ ते बारा आठवडे थांबल्याशिवाय निकाल लावू नये.

लावायची रीत औषधाइतकीच महत्त्वाची आहे. रात्री चेहरा धुवा, पूर्ण कोरडा होऊ द्या. मटाराच्या दाण्याएवढं जेल सगळ्या चेहऱ्याला पुरतं. कपाळ, गाल, हनुवटीवर टिपके द्या आणि पातळ पसरा. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांचे कोपरे सोडा, सालपटं आधी तिथेच निघतात. एकेका ठिपक्यावर थेंब ठेवत बसू नका, कारण पुढचं बूच कुठे बनतंय हे तुम्हाला दिसत नाही. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोन-तीन रात्रीच लावा. झोंबत असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग जेल. जास्त लावलं म्हणून लवकर गुण येत नाही, नुसता चेहरा लाल होतो. दिवसा सनस्क्रीन, किमान एसपीएफ ३०. आणि सॅलिसिलिक आणि रेटिनॉइड दोन्ही एकाच रात्री, पहिल्याच आठवड्यात, हा उत्साह नको.

दोन गोष्टी बायकांसाठी खास. गरोदर असाल किंवा तसा विचार चालू असेल तर रेटिनॉइड नको. त्याऐवजी डॉक्टर अनेकदा अझेलेइक अ‍ॅसिड देतात, ते गरोदरपणात चालतं आणि काळे डागही फिके करतं. दुसरी गोष्ट वॅक्सिंगची. रेटिनॉइड चालू असताना वरच्या ओठाचं किंवा गालांचं वॅक्सिंग केलं तर केसांबरोबर कातडीचा थरही निघून येतो आणि तिथे लालभडक ओली पट्टी उमटते. पार्लरमध्ये खुर्चीवर बसण्याआधीच औषधाचं सांगा, आणि वॅक्सिंग करायचंच असेल तर किती दिवस आधी जेल थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा. ब्लीचच्या बाबतीतही हेच.

बेन्झॉइल पेरॉक्साइडबद्दल थोडक्यात: लाल, पू भरलेल्या मुरमांवर ते उत्तम, नुसत्या ब्लॅकहेडवर त्याची तेवढी गरज नसते. अडीच टक्के पुरतं. टॉवेल आणि अभ्रे पांढरे वापरा, रंगीत असतील तर त्यांचा रंग उडतो.

आता ज्या ट्यूबपासून खरोखर लांब राहायचं ती. मेडिकलमध्ये जाऊन "चेहऱ्यासाठी काहीतरी द्या" म्हटलं की कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेली क्रीम हातात पडते. पहिल्या आठ-दहा दिवसांत चेहरा उजळ, गुळगुळीत दिसतो, शेजारीण विचारते काय लावतेस, आणि एकाच ट्यूबवर दोन घरं सुरू होतात. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते, स्टेरॉइडमुळेच नवी पुरळ येते आणि क्रीम थांबवली की आग होते म्हणून ती थांबवताही येत नाही. भारतात हा प्रकार इतका वाढला की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेला त्यासाठी मोहीम उघडावी लागली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीवरच्या औषधांच्या, म्हणजे शेड्यूल एचच्या यादीत घातलं. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ती ब्लॅकहेडची क्रीम नव्हे.

मग काढायचे की नाहीत? मोठे, काळे, मोजके ब्लॅकहेड काढून घ्यायला हरकत नाही. फक्त काढणं म्हणजे इलाज नव्हे. बूच निघतं, ते बनवणारं अस्तर तसंच राहतं. काही आठवडे रेटिनॉइड किंवा सॅलिसिलिक लावलेलं असेल तर ते अलगद निघतात, म्हणून काढायचे असतील तर औषधानंतर काढा. नखांनी पिळलं की अर्धा माल वर येतो आणि अर्धा नळीची भिंत फोडून आत जातो. दुसऱ्या दिवशी तिथे लाल गाठ येते, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तिचा तपकिरी डाग कित्येक महिने राहतो. ब्लॅकहेड कुणाला दिसला नसता, डाग सगळ्यांना दिसतो. पार्लरमध्ये कडीचं अवजार वापरत असतील तर ते निर्जंतुक केलंय का, हे विचारायला संकोच करू नका. सुई वापरायची तर नवी, तुमच्यासमोर फोडलेली. दोनदा हलका दाब देऊनही निघत नसेल तर तो ब्लॅकहेड सोडून द्यायचा. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी हे करू नका, फोटोत नाक लाल येतं. ओढून घेणारं व्हॅक्यूमचं यंत्र तर घरी नकोच, त्याने नाकाच्या बाजूला जांभळे वळ उठतात.

डॉक्टरांकडे कधी जायचं? गाठी दुखत असतील, खड्डे पडत असतील, पाळी अनियमित असून हनुवटीवर जाड केस येत असतील, किंवा तिशीनंतर अचानक हे सुरू झालं असेल तर थांबू नका. पाठीवर एकच मोठा, वर्षानुवर्षांचा काळा ठिपका असेल आणि दाबल्यावर दुर्गंधी येणारा पांढरा लगदा निघत असेल, तर ती बहुतेक वेळा कातडीखालची गाठ असते. पिळून ती कधीच संपत नाही, तिची पिशवीच काढावी लागते. साठीच्या पुढच्या, आयुष्यभर उन्हात राबलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या बाजूला मोठ्या काळ्या ठिपक्यांचे पुंजके दिसतात. त्यांना फाव्र-राकुशो विकार असं भारदस्त नाव आहे. त्यात उन्हाने खराब झालेल्या कातडीचा हात असतो, आणि विडी-सिगारेटचाही. घरातले लोक आजोबांना तोंड घासून धुवायला सांगतात, पण त्यांनाही लागतं ते रेटिनॉइडच, आणि शेतावर जाताना डोक्याला रुंद काठाची टोपी.